मायक्रोजेलचा आकार दर वेळी वेगळा येतोय? बॅच फेकण्याआधी हे तपासा

तक्रार साधारण एकाच साच्यातली असते. पॉली-निपाम या पॉलिमरचे मायक्रोजेल, म्हणजे पाण्यात फुगणारे जेलचे अतिसूक्ष्म कण, बनवले, डायलिसिस केलं (पडद्यातून नको ते बाहेर जाऊ दिलं), डीएलएसवर (कणांचा आकार काढायच्या लेझर यंत्रावर) २० पासून ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापमान चढवत नेलं. ३२-३३ अंशांच्या आसपास कण आकसले, आलेख पेपरात छापण्यासारखा आला. काही दिवसांनी त्याच बाटलीतून पुन्हा सॅम्पल घेतलं, तर २५ अंशांवरचा आकार जुळत नाही, आकसण्याचं तापमान दीड-दोन अंश सरकलेलं, आणि ४० च्या पुढे आकार कमी व्हायचा सोडून वाढत चाललाय. गाइड म्हणतात बॅच बिघडली, नवी करा. नवी बॅचही तेच रडगाणं गाते.

बॅच खरंच बिघडली असेल ही शक्यता मी सगळ्यात शेवटी धरतो. आजूबाजूला जे असेल त्याप्रमाणे फुगणं-आकसणं हेच तर या कणाचं काम. तापमान, मीठ, पीएच, साबण, अल्कोहोल, शेजारच्या कणांची गर्दी, यांतलं काहीही हललं की आकार हलणार. त्यामुळे तपासाचा क्रम बाहेरून आत असावा: आधी यंत्र, मग पाणी, मग सॅम्पलचं प्रमाण आणि शेवटी रसायनशास्त्र. बहुतेक लोक नेमका उलटा जातात, आणि महागाचा मोनोमर (पॉलिमरचा कच्चा माल) संपवून बसतात.

कण नेमका कसा आहे ते थोडक्यात, कारण पुढे लागेल. पेल्टन आणि चिबांते यांनी १९८६ मध्ये हे कण पहिल्यांदा बनवले, आणि आजही कृती जवळपास तीच आहे. ७० अंशांच्या आसपासच्या पाण्यात निपाम हा मोनोमर, थोडा बिस-अ‍ॅक्रिलअमाइड क्रॉसलिंकर (साखळ्या एकमेकींना बांधणारा) आणि पर्सल्फेट इनिशिएटर (साखळी सुरू करणारा). या तापमानाला तयार होणारी साखळी पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती गोळा होऊन कण बनतात आणि थंड केल्यावर पाणी पिऊन फुगतात. क्रॉसलिंकर मोनोमरपेक्षा लवकर संपतो. म्हणून गाभा घट्ट आणि कडेला सुट्या साखळ्यांची झालर, जुन्या लोकरीच्या गोळ्यासारखी. इनिशिएटरचे सल्फेट गट साखळ्यांच्या टोकांना चिकटून राहतात आणि कणाला ऋण भार देतात. झालर आणि भार, दोन्ही लक्षात ठेवा.

आधी लेटेक्स चालवा

तुमचा मायक्रोजेल बाजूला ठेवा. पॉलिस्टायरीनचं १०० नॅनोमीटरचं प्रमाणित लेटेक्स (पाण्यातले ठरलेल्या आकाराचे गोळे) घ्या आणि अगदी त्याच तापमानांच्या पायऱ्यांवरून चढवा. पॉलिस्टायरीनचा टणक गोळा ५० अंशांपर्यंत फुगत नाही की आकसत नाही. आलेख सपाट आला पाहिजे. तो उतरता आला, तर तुमच्या मायक्रोजेलच्या आलेखातही तेवढा उतार खोटा आहे.

कारण असं, की डीएलएस यंत्र आकार मोजतच नाही. विखुरलेला लेझरचा प्रकाश किती झपाट्याने लुकलुकतो ते ते मोजतं, त्यावरून कणांचा विसरण गुणांक (ते किती वेगाने भरकटतात) काढतं, आणि स्टोक्स-आइन्स्टाइनच्या सूत्रात तापमान आणि पाण्याची व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) घालून त्रिज्या सांगतं. पाण्याची व्हिस्कॉसिटी २५ अंशांना ०.८९० मिलिपास्कल-सेकंद, तर ४० अंशांना ०.६५३. सॅम्पल ४० वर आहे पण सूत्रात २५ चेच आकडे बसलेत, असं झालं तर त्रिज्या खऱ्याच्या साधारण ७० टक्के दिसते. म्हणजे १०० नॅनोमीटरचं लेटेक्स ७० चं दिसेल. घनफळात बघितलं तर कण एक-तृतीयांश झाला असं वाटेल, आणि प्रत्यक्षात त्याने पाण्याचा थेंबही सोडलेला नसेल.

द्रावक म्हणून 'पाणी' निवडलं तर बहुतेक तयार यंत्रं व्हिस्कॉसिटी आपोआप बदलतात. घोळ होतो तो दोन ठिकाणी. एक, कोरिलेटरमधून (लुकलुकण्याची नोंद करणाऱ्या भागातून) आकडे काढून स्वतःच्या एक्सेल शीटमध्ये हिशेब करणारे, ज्यांच्या शीटमध्ये व्हिस्कॉसिटीचा एकच कोष्ठक कायमचा भरलेला असतो. दुसरं, सगळ्यांनी मिळून वापरायचं यंत्र: आधीच्या माणसाने ग्लिसरॉल-पाण्यासाठी सेटिंग बदललं आणि तुम्ही तीच फाइल उघडली. रीडिंग सुरू करण्यापूर्वी द्रावकाचं नाव, व्हिस्कॉसिटी आणि अपवर्तनांक डोळ्यांनी वाचायची सवय लावा.

थांबायचं असतं क्युव्हेटसाठी, कणासाठी नाही

'जेलला समतोलात यायला वेळ लागतो' हे वाक्य पाठ असल्यामुळे बरेच जण कणाला वेळ देतात आणि क्युव्हेटला, म्हणजे सॅम्पलच्या छोट्या पारदर्शक कुपीला, देत नाहीत. तोयोइची तानाका आणि फिलमोर यांनी १९७९ मध्ये दाखवलं की जेल फुगायला लागणारा वेळ त्याच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जेलमधल्या पॉलिमरच्या जाळ्याचा विसरण गुणांक सेकंदाला १० चौरस मायक्रोमीटरच्या घरात धरा. एक मिलिमीटरच्या जेलला दिवसाच्या आसपास वेळ लागेल, पण २०० नॅनोमीटरच्या कणाला काही मिलिसेकंद पुरतात. तुम्ही बटण दाबेपर्यंत कणाचं फुगणं-आकसणं आटोपलेलं असतं.

हळू असतं ते सॅम्पलचं तापमान. यंत्राचा आकडा हा धातूच्या ठोकळ्यातल्या सेन्सरचा असतो, क्युव्हेटमधल्या पाण्याचा नाही. प्लॅस्टिकची क्युव्हेट काचेच्या क्युव्हेटपेक्षा उष्णता सावकाश सोडते. आकसण्याच्या टप्प्यावर आलेख इतका उभा असतो की अर्ध्या अंशाची चूकही आकारात ठळक उमटते. आणि सेंट्रल फॅसिलिटीत एका तासाचा स्लॉट मिळालेला असला की माणूस प्रत्येक पायरीवर दोन मिनिटं थांबून पळतो, हे आपण सगळेच जाणतो. त्यापेक्षा पायऱ्या निम्म्या करा. प्रत्येक पायरीवर निदान दहा मिनिटं द्या, लागोपाठची तीन रीडिंगं जुळेपर्यंत पुढे जाऊ नका. शक्य असेल तर एकदा बारीक थर्मोकपल क्युव्हेटमध्ये सोडून खरं तापमान बघून ठेवा आणि तो फरक वहीत कायमचा लिहा.

खूण सांगतो. तापवताना आणि थंड करताना घेतलेले दोन आलेख एकसारख्या आकाराचे, पण एक उजवीकडे आणि एक डावीकडे सरकलेला असेल, तर उशीर उष्णतेचा आहे. थंड करताना आकार मूळ जागी येतच नसेल, मोठाच राहत असेल, तर ते दुखणं वेगळं. त्याकडे येतोच.

थंड पाण्यात विरलेली हवा तापवल्यावर बुडबुडे होऊन काचेला चिकटते, लेझरच्या वाटेत एखादा आला की रीडिंगला काही अर्थ उरत नाही. पाणी आधीच डीगॅस करा, क्युव्हेटला टोपण लावा.

आपल्याकडचं 'रूम टेम्परेचर'

हे कुठल्याच पेपरच्या कृतीत सापडणार नाही. जर्मनीतल्या आखेन किंवा स्वीडनमधल्या लुंडच्या प्रयोगशाळेत सॅम्पल 'खोलीच्या तापमानाला ठेवलं' म्हणजे २०-२२ अंशांना ठेवलं. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर पारा ४० च्या वर असतो, एसी बंद किंवा वीज गेलेली असली की शेल्फवरची बाटली ३३-३४ अंश सहज गाठते. म्हणजे तुमचा स्टॉक बाटलीतच आकसून बसलेला असतो.

आकसला तर बिघडलं काय? काही गोष्टी बिघडतात. कणातलं पॉलिमर तेवढंच राहतं, त्रिज्या मात्र निम्मी होते, त्यामुळे त्याला खाली खेचणारं बल तेच, पण पाण्याचा अडथळा निम्मा. पाणीही पातळ झालेलं. २५ वरून ४० अंशांवर गेल्यावर बसण्याचा वेग साधारण २.७ पट होतो. न हलवता वरून पिपेट बुडवलं की तुमचं प्रमाण चुकलं. दुसरं, कूलिंग नसलेलं सेंट्रिफ्यूज तासभर चाललं की आतून तापतं. कण आकसलेल्या अवस्थेत तळाशी दाबले जातात, आणि ती चकती मग काही केल्या नीट विखुरत नाही. ती रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून द्या, कण फुगले की आपापले सुटतात. सोनिकेटर मारण्याची घाई करू नका.

उन्हाळ्यात स्टॉक ४ अंशांना ठेवा, आणि वहीत 'आर.टी.' लिहिण्याऐवजी आकडा लिहा.

४० च्या पुढे आकार वाढतो

हे कणाचं फुगणं नाही, कण एकमेकांना चिकटताहेत. फुगलेल्या अवस्थेत कणात नव्वद टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाणी असतं. कण-कणांमधलं आकर्षण नगण्य, आणि सुट्या साखळ्यांची झालर त्यांना लांब ठेवते. आकसल्यावर झालर आत ओढली जाते, कण दाट होतो, आकर्षण वाढतं. आता त्यांना लांब ठेवणारा एकच आधार उरतो, तो म्हणजे सल्फेट गटांचा भार. पाण्यात मीठ असेल तर तो भारही झाकला जातो.

म्हणून औषध वाहून नेण्याच्या कामासाठी लोक जेव्हा थेट फॉस्फेट बफर्ड सलाइनमध्ये मोजतात, तेव्हा तापवल्यावर गाठी होणं ओघानेच आलं. त्यातलं मीठ ०.१५ मोलरच्या घरात असतं. बॅच निर्दोष आहे, तुम्ही तिचा आधार काढून घेतलाय. शिवाय मिठाने आकसण्याचं तापमानही खाली सरकतं, आणि सल्फेट-फॉस्फेटसारखे आयन क्लोराइडपेक्षा ते जास्त खाली ओढतात. दीड-दोन अंशांच्या सरकण्याचा खुलासा अनेकदा इथेच मिळतो.

ओळखायला यंत्रही लागत नाही. काचेच्या व्हायलमध्ये थोडं सॅम्पल घेऊन ४५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये धरा आणि खिडकीकडे उजेडात बघा. निरोगी सॅम्पल निळसर धुरकट असतं ते एकसारखं पांढरं होतं, दुधासारखं. बिघडलेल्यात आधी पांढरं होतं, मग बारीक कणी दिसू लागते, आणि थोड्या वेळात वर स्वच्छ पाणी नि खाली कापूस. थंड केल्यावर कणी विरली तर चिकटणं सैल होतं. विरली नाही तर तो भाग टाकून द्या.

नुसत्या आकाराचा अभ्यास करायचा असेल तर १ मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड पुरे. इतक्या मिठात भार जिवंत राहतो, आणि आयनांची पातळी दर वेळी सारखी राहते. अगदी शुद्ध पाण्यापेक्षा हे बरं, कारण शुद्ध पाण्याची शुद्धता रोज बदलते.

पाणी दिसतं तसं नसतं

अ‍ॅक्रिलिक आम्ल घातलेले मायक्रोजेल असतील तर हा भाग दोनदा वाचा. त्या आम्लाचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे गट भारित होतात) ४.३ च्या आसपास. उघड्यावर ठेवलेलं शुद्ध पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन ५.६ पीएचपर्यंत उतरतं. या पट्ट्यात आम्लाचे किती गट भारित आहेत हे पीएचच्या जराशा हालचालीनेही बदलतं, आणि भारित गटांनी कण फुगतो, आकसण्याचं तापमान वर ढकललं जातं, कधी कधी आकसणं जवळजवळ दिसेनासं होतं. सकाळी मोजलेलं नि संध्याकाळी मोजलेलं न जुळण्याचं कारण तेच. बफर वापरा, आणि पीएचबरोबर आयनिक तीव्रताही (मिठाची एकूण पातळी) सारखी ठेवा. नुसता पीएच जुळवायला आम्ल-अल्कली ओतत गेलात तर मीठ वाढत जातं आणि फुगलेला कण पुन्हा बसतो.

कण लहान मिळावेत म्हणून संश्लेषणात एसडीएस (एक साबण) घातलेलं असतं. ते पॉली-निपामला चिकटतं, साखळ्यांना भार देतं, कण जास्त फुगवतं आणि आकसण्याचं तापमान वाढवतं. अर्धवट डायलिसिस केलेली बॅच आणि पूर्ण केलेली बॅच यांचे आलेख म्हणूनच वेगळे. किती दिवस डायलिसिस करायचं असं विचारू नका, बाहेरच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी बघा. बदललेलं पाणी रात्रभर ठेवूनही ताज्या पाण्याइतकीच कंडक्टिव्हिटी दाखवत असेल तर झालं. मात्र १२-१४ हजार डाल्टनच्या (त्याहून जड रेणू अडवणाऱ्या) पडद्यातून लांब सुट्या साखळ्या बाहेर जात नाहीत. त्या राहिल्या की द्रव विनाकारण घट्ट वाटतो. त्यांच्यासाठी सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी ओतून देणं हाच उपाय.

आणि अल्कोहोलने धुतलेल्या, नीट न वाळवलेल्या व्हायल. पॉली-निपाम पाण्यात फुगतं, मेथॅनॉलमध्येही फुगतं, पण दोन्हींच्या मिश्रणात २०-२५ अंशांवरही आकसू शकतं. त्यात भर म्हणजे इथॅनॉल-पाण्याचं मिश्रण नुसत्या पाण्यापेक्षा घट्ट, निम्म्याच्या आसपास इथॅनॉल असेल तर दुपटीहून जास्त. म्हणजे कण आकसतो खरा, पण यंत्राला पाण्याचीच व्हिस्कॉसिटी सांगितली असेल तर ते तो मोठा दाखवतं. एक-दोन थेंबांनी इतका अनर्थ होत नाही, पण एक मिलिलिटर सॅम्पलमध्ये तळाशी राहिलेलं पाव मिलिलिटर पुरेसं असतं.

एकाच तापमानाला विचित्र उंचवटा

हे दुखणं जरा दुर्मीळ, पण भलत्या वाटेला नेणारं. आलेख छान उतरत असतो, मध्येच दोन-तीन बिंदू वेडेवाकडे येतात, आणि पुढे पुन्हा सगळं सुरळीत. दर वेळी त्याच तापमानाला.

प्रकाशाची काउंट रेट (दर सेकंदाला किती प्रकाश टिपला) बघा. त्याच बिंदूंवर ती पडलेली असेल तर दोष कोनाचा आहे. गोल कणाच्या वेगवेगळ्या भागांतून विखुरलेला प्रकाश ठरावीक कोनात एकमेकाला खोडतो. ६३३ नॅनोमीटरचा लेझर, १७३ अंशांचा कोन आणि पाण्यातला कण असा हिशेब मांडला तर ही खोडाखोडी साधारण १७० नॅनोमीटर त्रिज्येला होते. ९० अंशांच्या कोनात ती २४० च्या आसपास. आकसत जाणारा तुमचा कण नेमका या आकारावरून जात असेल, तर त्या क्षणी मुख्य गर्दीचा प्रकाश मावळतो आणि थोडे लहान-मोठे जे कण आहेत तेच बोलू लागतात. कोन बदलून त्या तापमानाला पुन्हा मोजा. उंचवटा जागेवरून हलला तर प्रश्न मिटला. ज्यांच्याकडे अनेक कोनांचं यंत्र आहे त्यांनी एका कोनावर विसंबूच नये.

याच बैठकीत सॅम्पल किती पातळ आहे तेही तपासा. आकसलेला कण जास्त प्रकाश विखुरतो, त्यामुळे २० अंशांना चालणारं प्रमाण ४५ ला जास्त ठरू शकतं. मग प्रकाश एकाहून अधिक वेळा आपटतो, कोरिलेशनचा आलेख खालून सुरू होतो आणि आकार लहान दिसतो. वजनाने ०.०१ टक्क्याच्या आसपास सुरुवात करा, मग निम्मं, मग पाव. तिन्ही आकार जुळले तरच पुढे जा.

फिल्टरबद्दल एकच. पाणी ०.२ मायक्रॉनमधून गाळा, मायक्रोजेल गाळू नका. मऊ कण स्वतःपेक्षा लहान भोकातूनही दबून निसटतो, काही अडकतात, आणि खाली काय उतरलं याचा भरवसा नाही.

घट्ट सॅम्पलचं गणित

ज्यांची तक्रार आकाराची नसून वाहण्याची आहे त्यांच्यासाठी. '३ टक्के सॅम्पल कधी पाण्यासारखं, कधी खळीसारखं' असं होत असेल, तर टक्के मोजणं सोडा. कणांनी किती जागा व्यापली हे महत्त्वाचं, आणि ते वजनावरून कळत नाही, कारण कणात पाणीच जास्त. अगदी पातळ सॅम्पलची व्हिस्कॉसिटी उबेलोडे नळीत मोजा. वजनाचं प्रमाण गुणिले एक स्थिरांक म्हणजे व्यापलेली जागा असं धरून आइन्स्टाइनच्या २.५ च्या सूत्रात (व्हिस्कॉसिटी पाण्याच्या १ + २.५ × व्यापलेली जागा इतकी पट) बसवा, तो स्थिरांक हाती येतो. समजा २० अंशांना तो २० आला. मग ३ टक्के म्हणजे ०.६ जागा व्यापलेली. टणक गोळ्यांचं द्रावण ०.५८ च्या आसपास काचेसारखं अडकून बसतं, तेव्हा खळी होणं नवल नाही. तेच सॅम्पल ४० अंशांना न्या: त्रिज्या निम्मी, घनफळ एक-अष्टमांश, व्यापलेली जागा ०.०७५. पाण्यासारखं वाहील. सकाळी थंड खोलीत आणि दुपारी तापलेल्या खोलीत तेच सॅम्पल वेगळं वागतं यात गूढ काही नाही.

मऊपणामुळे ही संख्या एकच्या वरही जाते. टणक गोळ्यांत ते शक्य नाही, इथे कण दाबले जातात, चेपटतात, झालरी एकमेकींत शिरतात. अशा घट्ट सॅम्पलमध्ये डीएलएसवर दिसणारी हालचाल एकेका कणाची नसते, सगळ्या गर्दीची असते. तिच्यावरून काढलेल्या त्रिज्येला कणाची त्रिज्या म्हणू नका.

फ्रीझ-ड्राय केलेली पावडर वजन करून वापरत असाल तर ती हवेतला ओलावा धरते. पावसाळ्यात जास्तच. पातळ केल्यावर थोडं सॅम्पल ओव्हनमध्ये सुकवून खरं वजन काढा.

एवढं करूनही जुळत नसेल

आता बॅचकडे वळा. लेटेक्सचा आलेख सपाट आहे, १ मिलिमोलर मिठात मोजलंय, तीन पातळपणांना आकार जुळतो आणि तरी दोन बॅच वेगळ्या, तर फरक खरा आहे. आधी निपाम हेक्झेनमधून पुन्हा स्फटिक करून घेतलं होतं का ते विचारा. मग नायट्रोजन किती वेळ सोडला, कारण उरलेला ऑक्सिजन सुरुवात लांबवतो. इनिशिएटर टाकताना फ्लास्कच्या आतलं तापमान किती होतं? ऑइल बाथचा आकडा नको. एसडीएसचं वजन थोडंसं इकडे-तिकडे झालं तरी कणांचा आकार बदलतो, जास्त एसडीएस म्हणजे लहान कण.

क्रॉसलिंकरचा फरक ओळखायला २५ आणि ४५ अंशांच्या त्रिज्यांचं गुणोत्तर काढा. क्रॉसलिंकर जास्त असेल तर कण कमी फुगतो आणि आलेखाचा उतारही सौम्य होतो. दोन बॅचचं गुणोत्तर सारखं पण आकार वेगळा असेल तर संशय एसडीएस किंवा सुरुवातीच्या तापमानावर. आकसलेला आकार सारखा पण फुगलेला वेगळा असेल, तर बिस-अ‍ॅक्रिलअमाइडची बाटली आणि वजनकाटा तपासा.